जोड-पल्सारच्या कक्षा आणि भरतीचे बळ

वाचकांचे प्रश्न : खगोलविज्ञान

पल्सार म्हणजे स्वतःभोवती वेगाने फिरत ठरावीक काळाने रेडिओ स्पंद पाठवणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजेच स्फोट होऊन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला अतिदाट गाभा. ज्या जोडताऱ्यात निदान एक तारा पल्सार असतो, त्याला जोड-पल्सार म्हणतात. या विषयावर कोकण किनाऱ्यावरच्या वाचकांकडून आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत, कारण त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी एकच शंका आहे : समुद्राला भरती आणणारे बळ ताऱ्यांच्या कक्षाही बदलते का, आणि बदलत असेल तर कोणत्या जोडीत? पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण पुढची उत्तरे त्याच्या आधाराने समजतील.

प्रश्न : आमच्या बंदरावर तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढणे लहान मुलांनाही येते. चंद्रामुळे समुद्राला भरती येते आणि तिचा उलट परिणाम म्हणून चंद्र दरवर्षी थोडा दूर सरकतो, असे मी वर्गात शिकवतो. अलीकडे एका व्याख्यानात ऐकले, की काही पल्सार आणि त्यांचे तितकेच जड साथीदार काही तासांत एकमेकांभोवती फेरी पुरी करतात आणि त्यांची कक्षा हळूहळू लहान होते; पण ती भरतीमुळे नव्हे, कक्षेतली ऊर्जा बाहेर नेणाऱ्या गुरुत्वीय लहरींमुळे. इतके जड तारे इतके जवळ असतील, तर तिथे भरतीचा परिणाम प्रचंड असायला हवा. तो नाही असे कशावरून म्हणतात? (माध्यमिक शिक्षक, हर्णै)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि १९७०च्या दशकात ती खुद्द खगोलशास्त्रज्ञांनीही घेतली होती. तिचे निरसन करण्यासाठी भरती नेमकी कशावर अवलंबून असते हे आधी पाहावे लागेल.

ओढ किती मोठी आहे, यावर भरती ठरत नाही. वस्तूच्या जवळच्या बाजूवर आणि पलीकडच्या बाजूवर पडणाऱ्या ओढीत फरक किती आहे, यावर ती ठरते. सूर्य पृथ्वीला चंद्रापेक्षा सुमारे १८० पट जोराने ओढतो, तरीही सूर्यामुळे येणारी भरती चंद्राच्या भरतीच्या निम्मीसुद्धा नसते, कारण सूर्य इतका दूर आहे की पृथ्वीच्या दोन बाजूंवरच्या त्याच्या ओढीत फारसा फरक पडत नाही. अमावास्या-पौर्णिमेला दोघांच्या भरत्या एकमेकींत मिळून उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास सूर्याची भरती चंद्राच्या भरतीतून वजा होऊन भांग लागतो. भांगातही पाणी चढते-उतरतेच, म्हणजे सूर्याला चंद्राची भरती पुसून टाकता येत नाही, हे आपल्या बंदरावर दर पंधरवड्याला दिसते.

ओढीतला हा फरक दोन गोष्टींवर अवलंबून असतो : ओढणारी वस्तू किती दूर आहे आणि ओढली जाणारी वस्तू किती रुंद आहे. दोन्ही वस्तुमाने तीच ठेवली, तर फुगवट्याची उंची अंतराच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात आणि ताणल्या जाणाऱ्या वस्तूच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलते. आपल्या मनात शंका आली ती अंतराकडे पाहून. पण इथे निर्णायक ठरते ती त्रिज्या.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. पहिला जोड-पल्सार रसेल हल्स आणि जोसेफ टेलर यांनी १९७४ मध्ये प्वेर्तो रिको बेटावरच्या अरेसिबो दुर्बिणीने शोधला. त्याचा क्रमांक बी १९१३+१६. हा पल्सार दर ५९ मिलिसेकंदांना एक स्पंद पाठवतो आणि साथीदाराभोवतीची फेरी ७ तास ४५ मिनिटांत पूर्ण करतो. पल्सारचे वस्तुमान सूर्याच्या १.४४ पट आहे, तर साथीदाराचे १.३९ पट. त्यांची कक्षा चांगलीच लांबट आहे. दोघे जवळात जवळ येतात तेव्हा, म्हणजे निकटबिंदूपाशी, त्यांच्यात सुमारे साडेसात लाख किलोमीटर अंतर असते, म्हणजे पृथ्वी आणि चंद्र यांच्यातल्या अंतराच्या दुपटीहून थोडे कमी. एवढ्या जागेत सूर्यापेक्षा जड असे दोन तारे आहेत, हे ऐकून कोणालाही प्रचंड भरतीचीच कल्पना सुचेल.

पण न्यूट्रॉन ताऱ्याची त्रिज्या असते जेमतेम १२ किलोमीटर. वरच्या प्रमाणाने हिशेब केला, तर या पल्सारवर निकटबिंदूपाशी उठणाऱ्या फुगवट्याची उंची एका अणूच्या आकाराच्या आसपास येते. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या ताऱ्यावर साडेसात लाख किलोमीटरवरून दुसरा तसाच तारा भरती आणतो, आणि ती भरते अणूएवढी! त्याच जागी, तेवढ्याच वस्तुमानाची पण पृथ्वीएवढ्या त्रिज्येची वस्तू ठेवली आहे असे क्षणभर धरले, तर तोच फुगवटा काही मीटरांचा होतो. वस्तुमान तेच, अंतर तेच. केवळ त्रिज्येने एवढा फरक पडतो.

फुगवटा आल्याने कक्षा लगेच लहान-मोठी होते असेही नाही; त्यासाठी घर्षण लागते. दाभोळच्या तोंडाशी भरती पुरी झाली, तरी आत वाशिष्ठीच्या खाडीत गोवळकोटाच्या बाजूला पाणी अजून चढतच असते. तळाशी, काठाशी आणि वळणावळणावर घासत जाणारे पाणी मागे पडते आणि त्या घासण्यात ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. पृथ्वीवरच्या सगळ्या उथळ समुद्रांत आणि खाड्यांत हे चालू असल्यामुळे भरतीचा फुगवटा चंद्राच्या नेमका समोर राहत नाही. पृथ्वीचे स्वतःभोवतीचे फिरणे चंद्राच्या फेरीपेक्षा जलद असल्याने तो थोडा पुढे ओढला जातो आणि चंद्राला पुढच्या दिशेने खेचतो. त्यामुळे चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातो आणि पृथ्वीचा दिवस अतिशय मंद गतीने लांबत जातो. ही घासण नसती, तर भरती येत राहिली असती, पण चंद्र तसूभरही दूर गेला नसता.

फुगवट्याचा कक्षेवरचा परिणाम त्रिज्या भागिले अंतर या गुणोत्तराच्या निदान पाचव्या घाताने बदलतो. हल्स-टेलर जोडीत, दोघांमधले सरासरी अंतर धरले तर, हे गुणोत्तर साधारण एक भागिले एक लाख साठ हजार आहे. त्याचा पाचवा घात केला की एकावर सव्वीस शून्ये एवढ्या संख्येने एकाला भागल्यासारखे होते. भरतीचा परिणाम तिथे नाही असे म्हणतात, त्यामागचे गणित एवढेच आहे.

तरीही १९७०च्या दशकात मोठा प्रश्न उरला होता, कारण साथीदार दिसतच नव्हता. पल्सारची त्रिज्या १२ किलोमीटर हे मान्य. पण साथीदारसुद्धा न्यूट्रॉन ताराच आहे हे कोणी ठरवले? तो हेलियम तारा किंवा श्वेत बटू असा कितीतरी मोठ्या त्रिज्येचा तारा असता, तर भरती त्याच्यावर आली असती आणि कक्षेतले बदल भरतीचे की आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताचे, हे सांगता आले नसते. या जोडीचा निकटबिंदू दरवर्षी ४.२ अंशांनी पुढे सरकतो. बुधाच्या कक्षेतला सापेक्षतेमुळे येणारा असाच बदल शंभर वर्षांत ४३ विकला, म्हणजे एका अंशाच्या ऐंशीव्या भागाएवढा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ४.२ अंशांचे मोल कळते. पण भरतीने फुगलेला किंवा वेगाने फिरून चपटा झालेला साथीदारही निकटबिंदू पुढे सरकवू शकतो. त्यामुळे एकट्या या आकड्यावरून काहीच सिद्ध होत नव्हते.

या पेचातून वाट निघाली ती दुसऱ्या मोजमापामुळे. लांबट कक्षेत पल्सार साथीदाराजवळ येतो तेव्हा त्याचे घड्याळ, म्हणजे त्याचे स्पंद, थोडे मंदावतात. एक तर वेग वाढल्यामुळे आणि दुसरे म्हणजे गुरुत्वाच्या खोल भागात गेल्यामुळे. हा मंदपणा काही मिलिसेकंदांचा असतो आणि भरतीशी त्याचा संबंध नसतो. निकटबिंदूचे सरकणे आणि स्पंदांचे मंदावणे या दोन आकड्यांवरून दोन्ही ताऱ्यांची वस्तुमाने निघतात आणि त्या वस्तुमानांवरून गुरुत्वीय लहरींमुळे कक्षेचा काळ किती घटावा हे सिद्धांत सांगतो. निकटबिंदूच्या सरकण्यात भरतीचा वाटा मिसळलेला असता, तर वस्तुमाने चुकली असती आणि तिसरे मोजमाप पहिल्या दोघांशी जुळले नसते. ते जुळले. १९७८ च्या अखेरीस टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कक्षेच्या काळातली घट जाहीर केली. आकाशगंगेच्या गुरुत्वाची छोटी दुरुस्ती केल्यावर पुढच्या तीन दशकांची मोजमापे सिद्धांताशी ०.२ टक्क्यांच्या आत जुळली. हल्स आणि टेलर यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भरती जवळपास शून्य असणे हा त्या यशाचा पाया होता, असे मला ठामपणे वाटते. तिचा लहानसा वाटा जरी मिसळला असता, तरी हा पुरावा इतका निखळ ठरला नसता.

ही घट मोजतात कशी, हे वर्गात सांगण्याजोगे आहे. कक्षेचा काळ वर्षाला केवळ ७६ मायक्रोसेकंदांनी कमी होतो आणि कक्षा वर्षाला साडेतीन मीटर आत सरकते. एका फेरीत हा फरक दिसणे शक्य नाही. पण प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा किंचित लवकर संपते आणि तो लवकरपणा पुढच्या सगळ्या फेऱ्यांत साठत जातो. म्हणून एकूण फरक काळाच्या वर्गाने वाढतो. पहिल्या वर्षाअखेर निकटबिंदू ठरल्या वेळेपेक्षा सेकंदाच्या पंचविसाव्या भागाएवढा अलीकडे येतो, दहा वर्षांत हा फरक चार सेकंदांच्या वर जातो आणि तीस वर्षांत ३९ सेकंदांच्या घरात पोहोचतो. मुलांना आलेखाच्या कागदावर हे तीन बिंदू मांडायला लावावेत. सरळ रेषेऐवजी पॅराबोला का मिळतो हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

२००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने जे ०७३७−३०३९ ही जोडी सापडली. तिच्यातले दोन्ही तारे पल्सार म्हणून दिसले. फेरी २ तास २७ मिनिटांची, निकटबिंदू वर्षाला जवळपास १७ अंश पुढे आणि कक्षा दिवसाला ७ मिलिमीटर आत. इथे साथीदाराविषयी शंकेला जागाच नव्हती, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोळा वर्षांच्या मोजमापांनी सिद्धांताची खात्री त्याहूनही पक्की केली.

प्रश्न : मग ज्याच्या कक्षेत भरतीमुळेच बदल झाला आहे असा एकही जोड-पल्सार नाही का? असल्यास साथीदार आपल्या चंद्राप्रमाणे दूर जातो की जवळ येतो? (बंदर खात्यातून निवृत्त झालेले वाचक, जयगड)

उत्तर : आहे, आणि तो आपल्या आकाशगंगेच्या बाहेर, लहान मॅगेलनी मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत, साधारण दोन लाख प्रकाशवर्षांवर आहे. जे ००४५−७३१९ असे त्याचे नाव. हा पल्सार सेकंदाला एकाहून थोडे जास्त स्पंद देतो. त्याचा साथीदार मात्र सूर्याच्या जवळपास नऊपट वस्तुमानाचा, निळसर, तप्त आणि चांगला ऐसपैस तारा आहे. कक्षा ५१ दिवसांची आणि अतिशय लांबट. तिची विकेंद्रता, म्हणजे लांबटपणाचे माप (वर्तुळाचे शून्य), ०.८१ आहे; म्हणून बराच काळ पल्सार दूर असतो आणि मग झपाट्याने साथीदाराच्या त्रिज्येच्या सुमारे चौपट अंतरापर्यंत आत येऊन परत जातो.

चंद्राची ओढ पृथ्वीवर संथपणे फिरते, त्यामुळे पाण्याला तिच्याप्रमाणे चढायला-उतरायला वेळ मिळतो. इथे पल्सार एकदम जवळ येऊन निघून जातो आणि त्या धक्क्याने साथीदाराच्या आतले वायू झुलू लागतात. दर ५१ दिवसांनी हा धक्का नव्याने बसतो. त्या हिंदोळ्यांना लागणारी ऊर्जा कक्षेतून येते आणि ताऱ्याच्या बाहेरच्या थरांत विरून जाते. व्हिक्टोरिया कास्पी आणि सहकाऱ्यांच्या मोजमापांतून या कक्षेचा काळ घटत असल्याचे दिसले. घटीचा वेग असा, की साधारण पाच लाख वर्षांत कक्षेचे रूप पार बदलून जावे. ताऱ्यांच्या आयुष्याच्या मानाने हे फारच थोडके. गुरुत्वीय लहरींचा वाटा या एवढ्या विस्तृत कक्षेत नगण्य आहे, म्हणून इथे दोष द्यायचा तो भरतीलाच.

आता दूर की जवळ या आपल्या प्रश्नाकडे येऊ. दिशा ठरते ती साथीदार स्वतःभोवती कसा फिरतो यावर. पृथ्वीचे फिरणे चंद्राच्या फेरीपेक्षा जलद, म्हणून चंद्र दूर जातो. मंगळाचा उपग्रह फोबोस ७ तास ३९ मिनिटांत एक फेरी मारतो आणि मंगळाला मात्र स्वतःभोवती फिरायला २४ तासांहून अधिक वेळ लागतो. तिथे फुगवटा फोबोसच्या मागे राहतो, त्याला मागे खेचतो आणि फोबोस हळूहळू मंगळाकडे येत आहे. फोबोसची फेरी आणि हल्स-टेलर जोडीची फेरी जवळजवळ सारख्याच वेळाची आहे. दोन्ही कक्षा आक्रसतही आहेत, पण पहिलीचे कारण भरती आहे आणि दुसरीचे गुरुत्वीय लहरी. विद्यार्थ्यांना फरक समजावण्यासाठी याहून चांगली जोडगोळी मला माहीत नाही.

मॅगेलनी मेघातल्या आपल्या ताऱ्याची गोष्ट फोबोसच्याही पुढची आहे. डाँग लाय यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले, की मोजलेली घट इतकी वेगवान आहे की तारा पल्सारच्या फेरीच्या उलट दिशेने फिरत असला तरच तिचा मेळ बसतो. उलट्या फिरण्याने धक्क्यांची ऊर्जा ताऱ्यात अधिक सहज शिरते. दुसरीकडे, ताऱ्याच्या चपटेपणामुळे पल्सारच्या कक्षेचे प्रतलही डुलताना दिसले होते, आणि तारा कक्षेशी सरळ उभा नसून कललेला आहे, हे त्यावरून स्वतंत्रपणे कळले होते. असे का झाले असावे? मूळ ताऱ्याच्या ज्या महास्फोटात (सुपरनोव्हात) पल्सार जन्माला आला, तो सर्व बाजूंनी सारखा झाला नसावा. एका बाजूचा हिसका जास्त बसला आणि कक्षाच कलंडली. भरतीच्या हिशेबातून निघून आपण एका ताऱ्याच्या जन्माच्या क्षणापर्यंत पोहोचतो, हे मला या संशोधनातले सर्वांत मोलाचे वाटते.

प्रश्न : काही पल्सारच्या कक्षा जवळपास अचूक वर्तुळ असतात आणि काहींच्या खूप लांबट, असे वाचले. हे केवळ योगायोगाने घडते का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, मालवण)

उत्तर : योगायोगाला इथे फारच कमी वाव आहे. लांबट कक्षेत भरती सतत बदलत असते. जवळ येताना फुगवटा वाढतो, दूर जाताना ओसरतो, आणि या चढउतारात दर फेरीला ऊर्जा खर्च होते. कक्षा वर्तुळाकार झाली आणि तारा साथीदाराकडे कायम एकच बाजू ठेवून फिरू लागला, की हा खर्च थांबतो. म्हणून भरतीला पुरेसा काळ मिळाला तर ती कक्षा गोल करते. किती काळ लागेल हे पुन्हा त्रिज्येवर ठरते, आणि घर्षणाच्या नेहमीच्या हिशेबात ते आठव्या घाताने ठरते. ताऱ्याची त्रिज्या दुप्पट झाली, की कक्षा गोल होण्याचा वेग २५६ पट वाढतो.

मिलिसेकंद पल्सारच्या पूर्वायुष्यात असेच घडलेले असते. साथीदार वृद्धापकाळी फुगून तांबडा राक्षसी तारा होतो, त्याचे बाहेरचे वायू पल्सारवर पडू लागतात आणि त्या पडणाऱ्या वायूने पल्सारचे फिरणे वाढत जाऊन तो सेकंदाला शेकडो फेऱ्या मारू लागतो. त्याच काळात त्या फुगलेल्या ताऱ्यावरची भरती कक्षा गोल करून टाकते. शेवटी राक्षसी ताऱ्याचा गाभाच उरतो. तो श्वेत बटू होतो आणि भरती जवळजवळ थांबते. कक्षा मात्र गोल ती गोलच राहते. जे १९०९−३७४४ या पल्सारची कक्षा दीड दिवसाची आहे आणि तिची विकेंद्रता एक कोटीत एक भाग एवढी आहे. पल्सारची कक्षा लाखो किलोमीटर रुंद. पण तिच्या मोठ्या आणि लहान अक्षांच्या निम्म्या लांबींत फरक निघतो काही मायक्रोमीटरांचा, केसाच्या जाडीहूनही बराच कमी. निसर्गात मोजलेले याहून नेटके वर्तुळ क्वचितच सापडेल.

विकेंद्रता पूर्ण शून्यापर्यंत का जात नाही, याचेही उत्तर आहे. राक्षसी ताऱ्याच्या आत वायू सतत उकळत असतो. गरम वायू वर येतो, थंड वायू खाली जातो. या हालचालीने ताऱ्याचे गुरुत्व सूक्ष्म प्रमाणात अस्थिर राहते आणि कक्षेला सतत बारीक धक्के बसतात. भरती लांबटपणा घालवत असते, उकळी तो थोडा परत आणत असते, आणि दोहोंच्या तोलाने उरते ती अतिसूक्ष्म विकेंद्रता. स्टर्ल फिनी यांनी १९९२ मध्ये हा हिशेब मांडला. फेरीचा काळ जितका मोठा तितकी उरलेली विकेंद्रता जास्त, हे त्यातून निघालेले भाकीत निरीक्षणांत चांगले उतरले आहे. ताऱ्याचा राक्षसी अवतार केव्हाच संपला, पण त्याच्या पोटातल्या उकळीची खूण आजही स्पंदांच्या वेळांत वाचता येते.

आता लांबट कक्षांविषयी. दोन्ही तारे न्यूट्रॉन तारे असतील, तर दुसऱ्या महास्फोटानंतर कक्षा लांबट होते आणि तिला गोल करायला मोठा तारा उरतच नाही. मिलिसेकंद पल्सारची कक्षा लांबट सापडली, तर तिथे नंतर काहीतरी घडले असे समजावे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीने शोधलेल्या पहिल्याच पल्सारने, २००४ मध्ये, याचे ठळक उदाहरण दिले. एनजीसी १८५१ या दाट तारकागुच्छातला हा पल्सार पाच मिलिसेकंदांना एक स्पंद देतो, पण त्याची १८.८ दिवसांची कक्षा ०.८९ एवढ्या विकेंद्रतेची आहे. जुना साथीदार, ज्याच्या वायूने पल्सार वेगवान झाला, तो गुच्छातल्या गर्दीत एखाद्या जवळून जाणाऱ्या ताऱ्याने हुसकला असावा आणि त्या नवागताने त्याची जागा घेतली असावी. हा नवा साथीदारही आटोपशीर आकाराचा असल्याने भरती त्याची कक्षा गोल करू शकलेली नाही.

प्रश्न : गुरुत्वीय लहरींनी आणि फोबोससारख्या भरतीने कक्षा सतत लहानच होत जावी. पण काही पल्सारचा कक्षाकाळ कधी कमी तर कधी जास्त होतो म्हणतात, ते कसे? (वाचक, अलिबाग)

उत्तर : हा प्रकार ‘ब्लॅक विडो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पल्सारमध्ये दिसतो. त्या नावाच्या कोळ्याची मादी नराला खाते अशी ख्याती आहे, आणि हे पल्सार आपल्या किरणांनी व कणांच्या झोताने साथीदाराला भाजून त्याचे वायू उडवून लावतात. त्यांतला पहिला, बी १९५७+२०, हा १९८८ मध्ये सापडला. तो १.६ मिलिसेकंदांत स्वतःभोवती फिरतो; साथीदाराचे वस्तुमान सूर्याच्या काही शतांश आहे आणि फेरी सव्वानऊ तासांहून किंचित कमी. दर फेरीत उडालेल्या वायूच्या पडद्याआड पल्सार काही काळ दिसेनासा होतो.

या जोडीचा कक्षाकाळ आधी घटत असल्याचे दिसले आणि पुढे तो वाढू लागला. दोन्ही दिशांनी होणारा बदल गुरुत्वीय लहरींनी समजावता येत नाही, साध्या भरतीनेही नाही. १९९४ मध्ये जेम्स ॲपलगेट आणि जेकब शाहाम यांनी त्याचे स्पष्टीकरण सुचवले. साथीदाराच्या आत चुंबकीय क्षेत्र असते आणि सूर्यावरील डागांच्या चक्राप्रमाणे ते वाढत-घटत असते. त्याबरोबर ताऱ्याचे आतले आणि बाहेरचे थर आपापसांत फिरण्याची देवाणघेवाण करतात. तारा कधी जास्त चपटा होतो, कधी कमी. तो चपटा झाला की कक्षेच्या प्रतलात त्याची ओढ किंचित वाढते आणि पल्सारची फेरी लवकर संपते. गोलसर झाला की उशिरा. भरतीचे काम पडद्याआड चालते. उडून जाणारा वायू साथीदाराचे फिरणे मंद करू पाहतो, भरती त्याला पुन्हा फेरीच्या चालीत आणते, आणि या ओढाताणीत होणाऱ्या घर्षणाची उष्णता ताऱ्याच्या आतल्या उकळीला आणि चुंबकत्वाला जोर देते, असे हे मत आहे.

याचा व्यावहारिक परिणाम असा, की या प्रकारच्या पल्सारची घड्याळे दीर्घ काळासाठी भरवशाची राहत नाहीत. आइन्स्टाइनच्या सिद्धांताची कसोटी घ्यायची, तर हल्स-टेलरसारख्या जोड्या निवडाव्या लागतात. पण एका छोट्या, भाजून निघालेल्या ताऱ्याच्या आत काय चालले आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर ब्लॅक विडोच्या या बदलत्या कक्षेइतके चांगले साधन दुसरे नाही. एका कामात अडथळा असलेली गोष्ट दुसऱ्या कामात मुख्य पुरावा होते.

प्रश्न : दोन न्यूट्रॉन तारे अखेर एकमेकांवर आदळतील तेव्हा तरी त्यांच्यावर भरती येईल ना? (वाचक, देवगड)

उत्तर : येते, आणि ती पाहिलीही गेली आहे. हल्स-टेलर जोडीला त्यासाठी अजून सुमारे ३० कोटी वर्षे आहेत, तर जे ०७३७−३०३९ ला साडेआठ कोटी. पण १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेतल्या अशाच एका जोडीचा अखेरचा काळ लायगो आणि व्हर्गो या उपकरणांनी टिपला. जवळपास शंभर सेकंद तिच्या गुरुत्वीय लहरी नोंदल्या गेल्या.

त्या शंभर सेकंदांच्या अगदी शेवटच्या अंशात ताऱ्यांमधले अंतर शंभर किलोमीटरच्या आत आले. त्रिज्या भागिले अंतर हे गुणोत्तर तेव्हा एक पंचमांशाच्या आसपास जाते आणि त्याचा पाचवा घात तीन हजारांत एक एवढा येतो. एकावर सव्वीस शून्ये ते तीन हजार, एवढी या संख्येची घसरण. अशा वेळी तारे खरोखरच ताणले जातात, ताणण्यात कक्षेची ऊर्जा खर्च होते आणि तारे लहरींच्या साध्या हिशेबापेक्षा किंचित लवकर भेटतात. हा लवकरपणा किती, यावरून तारा किती कडक आहे आणि त्यावरून त्याची त्रिज्या किती, हे काढता येते. मोजमापांतून निघालेली त्रिज्या १२ किलोमीटरच्या आसपास आहे, एक-दीड किलोमीटर इकडेतिकडे. अणुकेंद्रकाहूनही दाट द्रव्य दाबाला कसा प्रतिकार करते, हे पृथ्वीवरच्या कोणत्याही प्रयोगशाळेत करून पाहता येत नाही. ते या भरतीने सांगितले. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेकडून मला सर्वांत मोठी अपेक्षा आहे ती याच मोजमापाची, कारण पृथ्वीवर दूरच्या ठिकाणी आणखी एक उपकरण वाढले की लहरी कोणत्या दिशेने आल्या हे अधिक नेमके कळते आणि दुर्बिणी वेळेत तिकडे वळवता येतात.

प्रश्न : या विषयावर आपल्याकडे काम चालते का, आणि शाळेच्या मुलांना ते पाहता येईल का? (पालक, गुहागर)

उत्तर : वर उल्लेख केलेली खोडदची दुर्बीण याच कामासाठी जगभर ओळखली जाते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना तिथे आहेत आणि तिची उभारणी गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली झाली. सुमारे तीन तासांच्या कक्षेतला जे १५४४+४९३७ हा ब्लॅक विडो पल्सार २०१३ मध्ये याच दुर्बिणीच्या निरीक्षणांतून जाहीर झाला. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते आणि शाळांच्या मुलांना अँटेना जवळून पाहता येतात. गुहागरहून निघताना मुलांच्या हाती पंचांग आणि त्या आठवड्यातल्या भरतीच्या वेळांची नोंद असू द्यावी. तिथल्या शास्त्रज्ञांना विचारण्याजोगे पुष्कळ प्रश्न त्यातूनच सुचतील.